दोरामावशी आणि भाचीची हनुवटी

दोरामावशीने तोंडात दोरा धरला की समोरच्या बाईने गप्प बसायचं, हा तिच्या पार्लरचा पहिला नियम. दुसरा नियम आरशाच्या वर पाटीवर लिहिलेला होता: ‘चेहऱ्याला रेझर लावणाऱ्यांनी नंतर आमच्याकडे रडत येऊ नये.’ अक्षर मावशीचं. भाषाही तिचीच, हे वेगळं सांगायला नको.

पार्लर म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली. दोन खुर्च्या, लांब आरसा, एक पडदा, पावडरचा डबा आणि खिडकीत ओळीने दोऱ्याची रिळं. खाली दिवसभर पाइप कापायचा आवाज, वर मावशीचा. पंचवीस वर्षं तिने हा धंदा नुसत्या दोऱ्यावर चालवला होता. एक टोक दातांत, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, मान मागेपुढे, आणि सर्रसर्र करत अप्पर लिप साफ. गिऱ्हाईक ‘आई गं’ म्हणायच्या आत काम संपलेलं. कुणी फारच कण्हलं तर मावशी दातांतला दोरा न सोडता दटावायची, ‘ओठ ताणून धर गं, बाळंतपण नाही चाललंय इथे!’

आता इथे नाकं मुरडू नका. बायकांच्या चेहऱ्यावर केस येतात. कुणाच्या ओठावर लव असते, कुणाच्या हनुवटीवर दोनचार राठ केस, कुणाची कानाजवळून उतरलेली पट्टी थेट गळ्यापर्यंत पोचते. मावशीकडे येणाऱ्या प्रत्येकीला मात्र वाटायचं की अख्ख्या जगात हे फक्त आपल्याच नशिबी आलंय. पडदा ओढून घ्यायची, आवाज खाली आणायची, ‘मावशी, जरा हनुवटीवरचं पण’ म्हणताना कान लाल करून घ्यायची. आणि पडद्याबाहेर बाकावर बसलेल्या तिघीजणी त्याच कामासाठी आलेल्या असायच्या! एकमेकींकडे न बघता मासिकं चाळत बसलेल्या. मावशीला याचं हसू यायचं.

पण हसायचा हक्क तिलाही नव्हता. कारण रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून दोरामावशी स्वतः दाढी करायची. होय, रेझरने. तेवीस वर्षं.

त्याचं असं झालं की दोऱ्याचं टोक दातांत धरायचं, तर तो दोरा दातांच्या बरोबर खाली असलेल्या आपल्याच हनुवटीवर चालवायचा कसा? कुणाचीही हनुवटी ती डोळे मिटून साफ करील, पण स्वतःच्या हनुवटीपुढे तिने हात टेकले होते. बरं, दुसऱ्या पार्लरमध्ये जावं, तर दोरामावशी परक्या खुर्चीत बसली ही बातमी ती जिना उतरायच्या आत गल्लीभर झाली असती. मग एके सकाळी नवऱ्याचा रेझर उचलला. राठ केस येतील, दुप्पट येतील, असं तिला दोरा शिकवणाऱ्या बाईंनी शपथेवर सांगितलं होतं. काही झालं नाही. तेवढेच आले, तसेच आले. पण तोपर्यंत पाटी लागलेली होती, आणि लागलेली पाटी काढायची म्हणजे आपण चुकलो हे कबूल करायचं. ते मावशीच्या रक्तातच नव्हतं.

मावशीला मूलबाळ नव्हतं आणि नवरा जाऊनही आठ वर्षं झाली होती. दोन वर्षांपासून तिच्याकडे तिची भाची राहायला होती, धाकट्या बहिणीची मुलगी. नाव घरात पडलेलं ठमी, अंगाने मात्र अगदी काडी. ठमी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काम शिकत होती आणि कामात वाकबगार होती. गिऱ्हाइकाच्या समोर वीतभर अंतरावर बसायचं, त्याच्या नाकावर पट्टी धरायची, ‘माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा’ म्हणायचं आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. मिलिमीटरभर चुकलं तरी माणसाचं डोकं दुखतं. ठमीचं कधी चुकत नसे. दुकानाचे मालक चष्मेवाले काका म्हणायचे, ‘ही पोरगी माझ्या मशिनपेक्षा खात्रीची आहे.’

आणि याच पोरीच्या चेहऱ्यावर गेल्या वर्षभरात केस उगवायला लागले. आधी हनुवटीवर, मग जबड्याखाली, मग कानाच्या पुढे. काळे, जाड. पाळी तीनतीन महिने यायची नाही. विचार करा, जिच्या कामाचं पहिलं वाक्यच ‘माझ्याकडे बघा’ असं, तिचं काय झालं असेल!

‘मी असताना तुला कसली काळजी?’ मावशी म्हणाली आणि दोरा घेऊन बसली. दर तिसऱ्या दिवशी. केस यायचे, मावशी उपटायची. पुन्हा यायचे, पुन्हा उपटायची. तिला वाटायचं ही तिची आणि केसांची लढाई आहे आणि ती लढाईत कधी हरलेली नव्हती. भोगत होती ती ठमीची हनुवटी. लालबुंद झाली, पुटकुळ्या आल्या, काही केस कातडीच्या आतच गुंडाळून बसले. ठमी मास्क लावून दुकानात जायला लागली.

चष्मेवाले काका चार महिने काही बोलले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, ‘पोरी, मास्कमधून तुझं बोलणं म्हाताऱ्या माणसांना कळत नाही. वाफेने चष्म्याच्या काचा धूसर होतात ते वेगळंच. पुढच्या महिन्यात तुला कायम करायचं माझ्या मनात आहे. पण सोमवारपासून मास्क नको.’

ठमी घरी आली, चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘मावशी, मी नोकरी सोडते. मागे बसून काचा घासायचं काम कुठे मिळतं का बघते.’

मावशीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. दोन वर्षं या पोरीने त्या कामासाठी जीव काढला होता.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मावशीने शाळेतल्या बाईंना सांगितली. या बाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेत गणित शिकवायच्या, आणि मावशीला अरेला कारे करू शकणारी गल्लीतली ती एकटीच बाई. दोऱ्याखालून तोंड सोडवून घेत त्या म्हणाल्या, ‘दोन वर्षांपूर्वी माझे केस एकदम वाढले तेव्हा मला डॉक्टरकडे कुणी पिटाळलं होतं?’

‘मीच.’

‘काय म्हणाली होतीस? एकदम वाढले की आतलं काहीतरी बघायला हवं, दोऱ्याने भागणार नाही. मग घरच्या पोरीला इतके दिवस दोऱ्यावर का ठेवलंस?’

मावशी दोरा पुन्हा बोटांत गुंडाळायला लागली. खरं उत्तर असं होतं की परक्या बाईच्या बाबतीत तिला लगेच दिसलं ते घरच्या बाबतीत बघायचं नव्हतं. आपल्या हाताला जे जमत नाही ते आपल्याच घरात निघावं, हा तिला पाणउतारा वाटत होता.

पण एकदा मनावर घेतलं की मावशी थांबणारी नव्हे. शनिवार सकाळची डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. आणि शुक्रवारी संध्याकाळी तिने काय केलं माहीत आहे? ठमीला खुर्चीत बसवलं आणि कधी नव्हे इतका बारकाईने तिचा चेहरा साफ केला. जबड्याखालचा एकेक केस शोधून काढला. डॉक्टरांकडे काय असं जायचं? त्यांनी काय म्हणावं? पार्लरवाल्या बाईची भाची आणि चेहरा हा असा?

डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर तोबा गर्दी. आत गेल्यावर बाईंनी दिवा ओढून ठमीची हनुवटी वर केली, इकडून तिकडून बघितली. ‘केस फारसे नाहीत. कातडी चिडलेली दिसते. पाळी?’

‘होते मागेपुढे,’ ठमी पुटपुटली. परक्या माणसासमोर ती ‘तीन महिने’ हे शब्द उच्चारणार नव्हती.

‘या वयात होतं. मलम देते. सहा महिन्यांनी या.’

आणि आमची मावशी! तिला आत बसल्या बसल्या चक्क अभिमान वाटत होता. एवढ्या लख्ख दिव्याखाली डॉक्टरला केस सापडला नाही म्हणजे काय कमी झालं?

जिना उतरताना ठमी मध्येच थांबली आणि कठड्याला धरून म्हणाली, ‘बघितलंस? डॉक्टरांना पण काही दिसत नाही. म्हणजे आजार नाहीच. मी आहेच अशी.’

तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात उजेड पडला. दिसणार कसं? दाखवायला नेलं आणि दाखवायचं तेच आदल्या संध्याकाळी नाहीसं करून नेलं! तिने ठमीचं मनगट धरलं आणि पुन्हा वर. ‘नंबर, नंबर’ म्हणत नर्स आडवी आली तिला बाजूला सारून थेट आत.

‘डॉक्टर, मी चुकीची पोरगी दाखवली तुम्हाला,’ मावशी म्हणाली. ‘म्हणजे पोरगी हीच, पण मी हिला काल पुसून आणली. मी पार्लरवाली आहे. दर तिसऱ्या दिवशी दोरा फिरवते, वर्ष झालं. आणि पाळी तीनतीन महिने येत नाही हिची. ही सांगणार नाही, मी सांगते.’

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘अहो, पुसलेला फळा आणलात आणि मला वाच म्हणता?’ त्या चिडल्या होत्या, पण दुसऱ्या क्षणी त्यांनी खुर्ची ठमीकडे ओढली आणि नीट समजावून सांगितलं. पुरुषांमध्ये असतात ती हार्मोन्स बायकांच्या अंगातही थोडी असतातच. काहींच्यात ती जास्त होतात, बहुतेक वेळा बीजकोशांच्या पीसीओडी नावाच्या तक्रारीमुळे. कधी घराण्यातूनच केस येतात, हार्मोन्स ठीक असूनही. आणि वर्षभरात एवढे वाढले म्हणजे रक्त तपासायचं, सोनोग्राफी करायची, बाकी काही नाही ना याची खात्री करायची. गोळ्या लागल्या तर फरक दिसायला सहा महिने धरायचे, आठवड्यात जादू होत नाही. ‘यात तुझा काही दोष नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तू काही केलं नाहीस आणि तुझं काही चुकलं नाही.’

ठमीने पहिल्यांदा मान वर केली.

‘पुढच्या शनिवारी रिपोर्ट घेऊन या. तोपर्यंत चेहऱ्याला काही लावायचं नाही. दोरा नाही, वॅक्स नाही, काही नाही. मला वाढ बघायचीय. त्यानंतर केस नको वाटले तर रेझर वापर. मुळातून उपटणं बंद. त्याने कातडीचं काय झालंय ते दिसतंच आहे, आणि पुढे लेझर करायचं ठरलं तर मूळ जागेवर असावं लागतं.’

‘रेझर?’ मावशी म्हणाली.

‘हो, रेझर. त्याने केस वाढत नाहीत, जाडही होत नाहीत. लोक उगाच घाबरवतात बायकांना.’

लोक! मावशीने खाली मान घातली.

ठमी घरी पोचली. दार लावलं आणि तिचा बांध फुटला. ‘सोमवारपासून मास्क नाही, आणि आठवडाभर दोरा पण नाही. मी त्या खुर्चीत बसू कशी? आणि नंतर रेझर? पार्लरमध्ये काय लिहून ठेवलंयस तू? लहानपणापासून ऐकतेय मी, रेझर लावला की पुरुषासारखी दाढी येते. मला नाही करायचे असले प्रयोग!’

‘वाढत नाहीत गं. डॉक्टर म्हणाल्या ना.’

‘डॉक्टर काय म्हणणार, त्यांच्या चेहऱ्यावर थोडेच आहेत? तुला काय माहीत?’

मावशीला टाळता आलं असतं. टाळायची सवयही होती. पण समोर पोरीचा तो सोललेला चेहरा होता. तिने ठमीचा हात धरला, बोटं स्वतःच्या हनुवटीवर ठेवली आणि उलट्या बाजूने वर ओढली. सकाळची दाढी, आता दुपार झालेली. बोटांना खरखर लागली.

ठमीने हात झटकन मागे घेतला. ‘हे काय?’

‘रेझर. रोज सकाळी. तेवीस वर्षं झाली. तेवढेच आहेत, एक केस जास्त नाही. आता पांढरे व्हायला लागलेत, तेवढाच फरक.’

मावशीला वाटलं पोरगी हसेल. निदान तिचा जीव भांड्यात पडेल. ठमी हसली नाही.

‘दोन वर्षं मी याच घरात राहतेय,’ ती म्हणाली. ‘रोज त्या न्हाणीघराबाहेर ताटकळत उभी राहते. मला वाटत होतं आपल्या सगळ्या खानदानात अशी मी एकटीच निघाले. रात्ररात्र रडलेय मी, मावशी. आणि तू आतून कडी लावून बसली होतीस?’

‘चुकलं माझं,’ ती म्हणाली. हे दोन शब्द तिने आयुष्यात कुणाला म्हटले नव्हते, नवऱ्यालासुद्धा नाही.

‘पाटी काढ मग,’ ठमी म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

रविवारी पार्लर भरलेलं असताना मावशी स्टुलावर चढली आणि पाटी काढली. बाकावरच्या बायका बघायला लागल्या. ‘काय गं, रंग द्यायचाय का भिंतीला?’ शाळेतल्या बाईंनी विचारलं.

‘नाही. खोटं लिहिलं होतं मी,’ मावशी स्टुलावरूनच म्हणाली. ‘रेझरने काही होत नाही. मी रोज लावते. पडदाबिडदा नको, सरळ बघा, इथे, हनुवटीवर.’

एक बाई पर्स उचलून निघून गेली, ती पुन्हा आलीच नाही. एकीने तोंडात बोट घातलं ते घातलंच. मग शाळेतल्या बाई म्हणाल्या, ‘पंचवीस वर्षं माझ्या डोळ्यांत पाणी आणलंस आणि स्वतः मजेत साबण लावतेस होय गं?’ आणि बाकावर जो हशा पिकला तो खालच्या हार्डवेअरवाल्याला ऐकू गेला.

ठमी दारात उभी राहून सगळं बघत होती. ती हसली नाही, पण सोमवारी सकाळी तिने न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. ‘दार उघड. कसं करतेस ते बघायचंय. पुढे करायचंच आहे तर नीट शिकते.’ मावशीने कडी काढली. कोमट पाणी, साबणाचा फेस, कातडी ताणून, केसांच्या वाढीच्या दिशेने, घाई न करता. ठमी उंबरठ्यावर बसून मन लावून बघत होती, जसं ती दुकानात काचांकडे बघते. मग स्वतःचा चेहरा तसाच ठेवून, मास्क न लावता, कामाला गेली. जाताना म्हणाली, ‘हे पाच दिवस जमलं नाही तर शुक्रवारी संध्याकाळी काकांना सांगून मोकळी होणार. मग तू मध्ये पडायचं नाहीस.’

मावशीने कबूल केलं. आता दोऱ्याने काही करता येण्यासारखं नव्हतंच, आणि हेच तिला सोसत नव्हतं. मंगळवारी ठमी येऊन म्हणाली, ‘एक बाई सारखी हनुवटीकडे बघत होती. माप दोनदा घ्यावं लागलं.’ बुधवारी एका गृहस्थाने ‘दुसरं कुणी नाही का माप घ्यायला’ असं विचारलं होतं. गुरुवारी ठमी आली, जेवली आणि झोपली.

शुक्रवारी दुपारी मावशीला राहवेना. तिने खुर्चीतल्या बाईची एकच भुवई करून मदतीला येणाऱ्या शेजारच्या मुलीच्या हवाली केली आणि बाजार गाठला. चष्म्याचं दुकान गच्च भरलेलं. काका काउंटरवर, बाकावर माणसं बसलेली, आणि खिडकीपाशी, अगदी उजेडात, ठमी. समोर सहासात वर्षांची एक मुलगी, मागे तिची आई. आठवड्याभराची वाढ ठमीच्या हनुवटीवर दारातूनसुद्धा दिसत होती.

ठमीने पट्टी मुलीच्या नाकावर ठेवली आणि चेहरा जवळ नेला. मुलीने बघितलं, निरखून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘तुला दाढी आहे.’

मुलीच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. काकांचा हात ड्रॉवरमध्ये तसाच राहिला. मावशी पुढे झेपावणारच होती, त्या कार्टीला, तिच्या आईला, सगळ्या दुकानाला काहीतरी सुनावणार होती. पण कबूल केलेलं आठवलं आणि तिने दाराची चौकट घट्ट धरली.

ठमी मागे सरकली नाही. तिने पट्टीही हलवली नाही.

‘हो, आहे,’ ती म्हणाली. ‘काही बायकांना येते. उद्या डॉक्टरांना दाखवायचीय, म्हणून ठेवलीय. बघून झाली का?’

मुलीने नीट बघून घेतली आणि मान डोलावली.

‘मग आता माझ्या या डोळ्याकडे बघ. हलायचं नाही. शाब्बास. बावन्न.’ तिने आकडा लिहिला आणि आईकडे वळली. ‘बुधवारी मिळेल चष्मा. पुढे कोण आहे?’

पुढचे आजोबा काठी टेकत येऊन बसले. तेवढ्यात मावशी घाईघाईने खिडकीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, ‘काय गं, आज संध्याकाळी काकांना सांगणार होतीस ते?’

‘काय सांगणार होते?’

‘अगं, नोकरीचं.’

ठमीने आजोबांच्या नाकावर पट्टी ठेवली. ‘मावशी, एवढी माणसं खोळंबलीत. चष्मा करायचा असेल तर रांगेत बस, नाहीतर घरी जा.’

दोरामावशीने इकडेतिकडे बघितलं आणि निमूटपणे बाकाच्या शेवटी जाऊन बसली.